उभ्या बोटीवरची दिवाळी

फिजीतल्या यासावा बेटांवरून परत येताना इंजिन जरा जोरात चालवलं की बोटीच्या बुडातून घरघर यायची. नांगर टाकल्यावर नवऱ्याने गॉगल लावून बुडी मारली, प्रोपेलरचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला आणि वर येऊन एवढंच म्हणाला, "कटलेस गेलं."

बोटींशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनातून निघालेला शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर पडून प्रोपेलरपर्यंत जातो. प्रोपेलरच्या अलीकडे त्याला आधार द्यायला एक ब्रॅकेट असतो आणि त्यात एक पितळी नळी ठोकून बसवलेली असते. नळीला आतून रबराचं अस्तर, रबराला लांबीत खाचा. त्या खाचांतून समुद्राचं पाणी खेळतं, तेच त्याचं वंगण. हे कटलेस बेअरिंग. हाताच्या मुठीत मावेल एवढा जीव, पण तो बदलायला अख्खी बोट पाण्याबाहेर काढावी लागते.

बोट तशीही काढायचीच होती. आम्ही ऑकलंडला राहतो. आमची 'ओवी' छत्तीस फुटांची, १९८०च्या दशकात न्यूझीलंडात बांधलेली शिडाची बोट आहे. २०२३च्या जूनमध्ये लांब रजा काढून, हजारेक सागरी मैल उत्तरेला येऊन आम्ही फिजीत तिच्यावरच संसार थाटला होता. नोव्हेंबर ते एप्रिल हा इकडचा वादळांचा हंगाम. बहुतेक बोटी ऑक्टोबर संपेपर्यंत न्यूझीलंडला पळतात. आम्ही ठरवलं की ओवीला वुंदा पॉइंटच्या मरीनात ठेवायचं आणि आपण विमानाने घरी जायचं. बेअरिंगचं काम त्याआधी, आणि त्याच आठवड्यात दिवाळी.

"दिवाळी ऑकलंडला गेल्यावर करू या ना," नवरा म्हणाला. मी नाही म्हटलं. बोटीवर 'हे काम झालं की मग' असं म्हणत बसलं तर सण, वाढदिवस, जेवण, झोप सगळंच राहतं, कारण काम काही होत नाही. एक संपेपर्यंत दुसरं निघतं. तेव्हा दोन्ही एकदम करायचं ठरलं.

वुंदा मरीना नांदी आणि लौतोका या दोन गावांच्या मध्ये आहे. प्रवाळाच्या खडकातून खोदलेली एक चिंचोळी वाट आणि आत पूर्ण गोल तलाव. काठाला बोटी लागलेल्या, सगळ्यांची तोंडं किंवा पाठी मध्याकडे. मागच्या आवारात जमिनीत लांबट खड्डे खणलेले आहेत. वादळाच्या हंगामात बोटीचा खालचा जड कणा त्या खड्ड्यात सोडतात आणि पोट जमिनीवर रचलेल्या जुन्या टायरांवर टेकवतात. बोट पाटावर मांडी घालून बसल्यासारखी बसते, वाऱ्याने उलटायची भीती फार कमी. मात्र एकदा बोट खड्ड्यात बसली की शाफ्टखाली हात घालायला जागा राहत नाही. म्हणजे काम आधी, खड्डा नंतर.

त्यात ऑक्टोबरच्या अखेरीस, हंगाम अधिकृतपणे सुरू व्हायच्या आतच, 'लोला' नावाचं जबर वादळ शेजारच्या वानुआतूवर जाऊन आदळलं होतं. यार्डात सगळे आकाशाकडे बघूनच बोलायचे.

वसुबारस, ९ नोव्हेंबर

क्रेनने बोट उचलून टेकूंवर उभी केली होती. बोट अशी जमिनीवर असताना तिच्यावर राहणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिडीने ये-जा करणं. बेसिनचं पाणी खाली सोडायचं नाही, संडास वापरायचा नाही, रात्री उठावं लागलं तर शिडी, टॉर्च आणि डास. एक फायदा असा की शेगडी हलत नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी कढईतल्या तेलाकडे निर्धास्तपणे बघू शकत होते.

नवरा दिवसभर इंजिनच्या खोलीत उलटा लटकलेला. शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणारं कपलिंग काही केल्या सुटेना. तेल मारलं, गरम केलं, शिव्या घातल्या. शेजारच्या कॅटमरानवरचे जर्मन काका शिडीवरून डोकावून पाहून गेले आणि एक युक्ती सांगून गेले. कपलिंगचे दोन भाग थोडे वेगळे करायचे, मध्ये एक गोटी ठेवायची (गोटी पान्यातली), आणि लांब बोल्ट लावून दोन्ही भाग पुन्हा जवळ आवळायचे. गोटी शाफ्टच्या टोकाला ढकलते आणि कपलिंग मागे सरकत येतं. संध्याकाळी 'टण्' असा आवाज आला. मी चकलीची भाजणी मळत होते. इथे भाजणी कुठली मिळायला, तांदळाचं आणि उडदाचं पीठ भाजून जमवली होती.

धनत्रयोदशी, १० नोव्हेंबर

सुकाणू पूर्ण एका बाजूला वळवल्यावर शाफ्ट त्याच्या कडेने जेमतेम बाहेर आला. मग जुनं बेअरिंग. ते ब्रॅकेटमध्ये इतकं घट्ट बसलं होतं की कापूनच काढावं लागलं. हॅक्सॉचं पातं नळीतून आत घालायचं, मग फ्रेमला जोडायचं आणि आतून बाहेरच्या दिशेने पितळ कापत न्यायचं. पितळाचा भुगा पिवळा पडतो. करडा दिसायला लागला की थांबायचं, कारण तिथून ब्रॅकेट सुरू होतो आणि ब्रॅकेट कापला गेला तर दिवाळं. दीड तास नवऱ्याने इंचाइंचाने पातं फिरवलं. मी खाली पांढरं फडकं धरून भुग्याचा रंग बघत बसले होते. शेवटी नळी आतल्या बाजूला दुमडली आणि हातात आली. रबर एका अंगाने पार झिजलेलं.

नवं बेअरिंग आम्ही परदेशातून मागवलं होतं, ते मरीनाच्या ऑफिसात येऊन पडलं होतं. डब्यावर आकार बरोबर छापलेला: एक इंची शाफ्ट, बाहेरून एक पूर्णांक तीन अष्टमांश. आतलं बेअरिंग मात्र बाहेरून सव्वा इंची निघालं. ब्रॅकेटमध्ये खुळखुळायला लागलं. दुकानदाराला मेल केला, त्याने दिलगिरी व्यक्त करून दोन आठवड्यांची तारीख दिली.

मरीनाच्या कँटीनमधल्या मावशींनी आमचे चेहरे बघून विचारलं काय झालं. त्या फिजी-भारतीय, त्यांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की लौतोकाला एक लेथवाले भैया आहेत, साखर कारखान्याची कामं करतात, त्यांच्याकडे जा.

लौतोका हे साखरेचं गाव. तिथला कारखाना ऑस्ट्रेलियन कंपनीने १९०३ साली सुरू केला आणि अजून चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा गळिताचा हंगाम संपत आला होता. उसाने भरलेले ट्रक रांगेत उभे, हवेत मळीचा वास. माझं आजोळ कोल्हापूरकडचं, त्या वासाने मला आपोआप भूक लागते. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी साठ हजारांवर माणसं करारावर हिंदुस्थानातून इथल्या उसाच्या शेतात आणली. लेथवाले भैया त्यांच्यातल्याच एकाचे पणतू. पणजोबांच्या कागदावर जिल्हा 'बस्ती' लिहिलेला आहे, त्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नाही आणि त्याचं फारसं वाटतही नाही. "घर तो इहाँ है," म्हणाले.

बेअरिंग हातात घेतलं, कॅलिपर लावला, जुन्याचे तुकडे जुळवून मोजले. मग म्हणाले की बेअरिंगला हात लावायचा नाही, त्याच्यावर ब्राँझचं पातळ बुश, म्हणजे बाहेरून बसणारी नळी, चढवायचं. जागा फक्त दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बुश कागदासारखं नाही पण पत्र्यासारखं पातळ. "कब मंगे?" मी दिवाळीचं सांगितलं. ते हसले. दिवाळी त्यांचीही होती. शनिवारी दुपारी बारानंतर वर्कशॉप बंद, ते थेट मंगळवारी उघडणार. "होय जाई," म्हणाले.

ब्राँझचा दांडा मात्र आमचा आम्ही आणायचा होता. दोन गल्ल्या पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात वीतभर तुकडा मिळाला. धनत्रयोदशीला धातू घ्यावा म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चांदीचं नाणं तरी घ्यायचंस गं एखादं." ब्राँझचा भाव ऐकल्यावर गप्प बसली.

येताना बाजारात शिरलो. लौतोकाचा बाजार बसस्टँडला लागूनच आहे आणि तिथे वजन कमी, वाटे जास्त. टोमॅटोचा वाटा, मिरचीचा वाटा, वांग्याचा वाटा, प्रत्येकावर खरडलेला भाव. दिवाळीमुळे मातीच्या पणत्या, रांगोळीचे रंग, तूप, रवा, मैदा, झेंडूच्या माळा, सगळं होतं. पोहे शोधायला तेवढा वेळ लागला. आणि नारळ! एका काकूंकडे नारळ खवायचं लाकडी पाटाचं खवणं होतं, वर बसून पुढच्या दातेरी पात्यावर खवायचं. मालवणकडचा आडाळो डिट्टो. मी पाच नारळ तिथेच बसून खवून घेतले. काकू बघत राहिल्या, मग त्यांनी एका मुलाला बोलावून मला दाखवलं.

*जाणाऱ्यांसाठी:* नकाशात 'नाडी' आणि 'वुडा' दिसेल, बोलताना नांदी आणि वुंदा म्हणा. बससाठी ई-ट्रान्सपोर्टचं कार्ड आधी घेऊन ठेवा. आणि जुनी बोट असेल तर बेअरिंगचं आतलं, बाहेरचं माप आणि लांबी, तिन्ही लिहून ठेवा. सुटा भाग आला की त्याच दिवशी डबा फोडून मोजा, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

शनिवार, ११ नोव्हेंबर

सकाळी नवरा वर्कशॉपमध्ये आणि मी करंज्यांमध्ये.

ओल्या नारळाच्या करंज्या फार टिकत नाहीत, पण इथे टिकवायच्या कुणाला होत्या. सारण रात्रीच केलं होतं. बोटीच्या स्वयंपाकघरात लाटायला जागा म्हणजे फ्रीजचं झाकण, तेही तिरकं. एक लाटायची, भरायची, तळायची, मगच दुसरी लाटायची. केबिनमध्ये ऊन इतकं की मैदा हाताला चिकटत होता. बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं आणि त्या आवाजात वेलदोड्याचा वास पसरला होता. पहिला घाणा झाल्यावर शिडीखालून हाक आली. क्रेन चालवणारे दादा, जवळच्या विसेइसेइ गावातले, सहा फूट उंच. "काय जळतंय का, हे बघायला आलो," असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. त्यांना दोन करंज्या दिल्या. अर्ध्या तासाने यार्डातली आणखी माणसं काही जळतंय का ते बघायला आली.

नवरा पावणेबाराला बुश घेऊन परतला. तिकडचं त्याने जे सांगितलं ते असं: भैयांनी दांडा आतून कोरला, बाहेरून उतरवला, प्रत्येक फेरीनंतर मायक्रोमीटर लावला. शेवटची फेरी इतकी बारीक की लेथवरून केसासारखी तार निघत होती. मग बेअरिंगला बुश प्रेसवर चढवलं. पैसे द्यायला लागल्यावर त्यांनी दांड्याचा उरलेला तुकडा परत केला आणि घरून आलेला लाकडी मिठाईचा पुडा दिला. ही मिठाई म्हणजे पिठाच्या कांड्या तळून साखरेत घोळवलेल्या.

आता ते बुश ब्रॅकेटमध्ये घट्ट जायला हवं. त्यासाठी बेअरिंग गोठवायचं, म्हणजे ते किंचित आकसतं, आणि ब्रॅकेट गरम पाण्याने तापवायचा, म्हणजे तो किंचित फुगतो. आमच्या फ्रीजमध्ये दही नीट लागत नाही, गोठणार काय. कँटीनच्या मावशींना विचारलं. त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बेअरिंग हातात घेऊन उलटसुलट केलं. "ई खाए वाला चीज है?" मग फ्रीझर उघडून मासे आणि आइस्क्रीमच्या मध्ये जागा करून ठेवून दिलं.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन, १२ नोव्हेंबर

उटणं नव्हतं, म्हणून बेसन, हळद आणि बाजारातलं बिनलेबलच्या बाटलीतलं खोबरेल. पहाटे पाचला यार्डाच्या सार्वजनिक न्हाणीघरात अभ्यंगस्नान. कारिटाच्या जागी छोटं कारलं अंगठ्याखाली फोडलं. नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा जर्मन काका दात घासत होते. त्यांनी पिवळ्या माणसाला अतिशय सभ्यपणे गुड मॉर्निंग केलं.

सहाला मावशींनी फ्रीझर उघडून दिला. कँटीनपासून बोटीपर्यंत नवरा अक्षरशः पळाला. मी किटलीने ब्रॅकेटवर उकळतं पाणी ओतत होते. बेअरिंगवर बर्फाचा पांढरा थर होता. त्याने ते ब्रॅकेटच्या तोंडाशी धरलं, लाकडाचा ठोकळा लावला आणि हातोडी घातली. पहिल्या ठोक्याला अर्धा इंच गेलं, दुसऱ्याला आणखी, मग सहज सरकत गेलं. शेवटचा पाव इंच राहिला तेव्हा अडकल्यासारखं झालं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने जोर काढून एक घाव घातला. बसलं. ब्रॅकेटच्या कडेशी अगदी समपातळीत. बेअरिंग जागेवर धरणारा ग्रब स्क्रू आवळून झाल्यावर आम्ही तिथेच जमिनीवर बसून चिवडा खाल्ला.

रविवारी फिजीत सगळं शांत असतं. विसेइसेइच्या बाजूने चर्चमधलं गाणं ऐकू येत होतं, चार सुरांत, वाद्याशिवाय. फिजीचे मूळ रहिवासी पहिल्यांदा याच किनाऱ्याला लागले असं इथले लोक सांगतात.

दुपारी आकाशकंदील केला. बांबूच्या काड्या बाजारातल्या, कागद आमच्या रद्द झालेल्या सागरी नकाशांचा. नेमका ऑकलंडजवळच्या हौराकी आखाताचा नकाशा कापला गेला, त्यामुळे कंदिलाच्या एका अंगावर खोलीचे आकडे आणि दुसऱ्या अंगावर दीपगृह. आत बॅटरीचा दिवा. झेंडा चढवायच्या दोरीने तो डोलकाठीवर नेला. बोट टेकूंवर, त्यावर डोलकाठी. अख्ख्या वुंदात एवढा उंच कंदील कुणाचाच नव्हता.

पूजेला लक्ष्मीचा फोटो, पणत्या, लाडू आणि वहीच्या जागी बोटीचं लॉगबुक. आई व्हिडिओवर होती. तिकडे दुपारचा एक वाजायचा होता, आणि भारतात अमावास्या लागणार पावणेतीनच्या सुमाराला, म्हणजे इकडे रात्री सव्वानऊला. आईचं म्हणणं, मग नवानंतरच करा. नवऱ्याचं म्हणणं, नवानंतर डास. डास जिंकले.

अंधार पडल्यावर मावशींचा मुलगा येऊन गाडीतून आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेला. उसाच्या शेताकडेला पत्र्याचं घर, व्हरांड्याभर पणत्या, दिव्यांच्या माळा. शेजारच्या ई-ताउकेई, म्हणजे मूळ फिजीयन, कुटुंबातली पोरं फुलबाज्या घेऊन आमच्याआधी हजर. ताटात सैना आली आणि मी बघतच राहिले: अळूच्या पानाला डाळीचं वाटण लावून, गुंडाळी करून, वाफवून, चकत्या तळलेल्या. आमची अळूवडी, फक्त गूळ-चिंच कमी आणि मिरची जास्त. त्याबरोबर बारा, म्हणजे डाळवडे, चिंचेची चटणी, नारळाच्या दुधात शिजवलेली भाजी. माझी चकली मावशींनी बोटात धरून उजेडात फिरवून पाहिली आणि सोऱ्या कसा असतो ते मला कागदावर काढून दाखवायला लावलं.

निघताना त्यांच्या मुलाने फोन पुढे केला. वायव्येला समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता. नांदीचं हवामान केंद्र त्यावर लक्ष ठेवून होतं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

सुट्टी, पण यार्डात गर्दी. प्रत्येक जण आपली बोट कधी खड्ड्यात जाणार हे विचारत होता. क्रेनवाल्या दादांनी पाटीवर यादी लिहिली. आमचा नंबर मंगळवारी सकाळचा.

म्हणजे शाफ्ट आज आत जायलाच हवा. नवऱ्याने तो घासून चकचकीत केला, साबणाचं पाणी लावलं आणि नव्या बेअरिंगमधून आत सरकवला. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. कपलिंग बसवलं, गळती रोखणारी वात बदलली, प्रोपेलर, त्याची चावी, नट, नवं झिंक (स्वतः गंजून बाकीच्या धातूला वाचवणारा जस्ताचा तुकडा). इंजिनची सरळ रेषा मात्र बोट पाण्यात गेल्यावरच फीलर गेज लावून जुळवायची असते, कारण जमिनीवर बोटीचं अंग थोडं वेगळं बसतं. ते काम मे महिन्यावर गेलं.

मी सगळी शिडं उतरवली, घड्या घालून केबिनमध्ये कोंबली. चिवड्याचा डबा त्याच ढिगाखाली गेला.

संध्याकाळी दादांनी यांगोनाला, म्हणजे कावाच्या मुळांचं पेय प्यायला, बोलावलं. तानोआ नावाच्या लाकडी परातीत कालवलेलं मातकट पाणी, नारळाच्या करवंटीतून प्यायचं. आधी एक टाळी, "बुला" म्हणायचं, एका दमात संपवायचं, मग तीन टाळ्या. जीभ आणि ओठ बधिर होतात. करंज्यांचा उरलेला डबा तिथेच संपला. २० फेब्रुवारी २०१६च्या विन्स्टन वादळाच्या गोष्टी निघाल्या. त्या वादळात फिजीत ४४ माणसं गेली. दादा आवाज न चढवता सांगत होते की छत उडालं की आधी कानांना कळतं.

*जाणाऱ्यांसाठी:* बाहेरच्या बेटांवर कुठल्याही गावात उतरायचं तर यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन गावप्रमुखाला भेटा. याला सेवुसेवू म्हणतात. जुडी कुठल्याही बाजारात मिळते. बाईमाणसाने गुडघ्याखाली येईल असं काहीतरी गुंडाळावं, डोक्यावर टोपी नको.

पाडवा, १४ नोव्हेंबर

सकाळी उठलो तेव्हा वादळाला नाव मिळालेलं होतं: माल. वारा अजून बेताचा, पण आभाळ शिशाच्या रंगाचं.

कंदील सगळ्यात आधी खाली घेतला. मग लक्षात आलं की पाडव्याची ओवाळणी राहिलीय. क्रेनचे पट्टे बोटीखाली जात होते आणि मी निरांजन घेऊन शिडीपाशी उभी. वाऱ्यात ज्योत टिकेना. दादांनी आपला रेनकोट आडवा धरला. नवऱ्याचे हात ग्रीसने काळे, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता.

"ओवाळणी?" मी म्हटलं.

"खाली ये आणि प्रोपेलर फिरवून बघ."

मी बोटीखाली वाकले आणि एक पातं बोटाने ढकललं. पूर्वी शाफ्टला हलकासा टकटक आवाज यायचा, तो नव्हता. प्रोपेलर जड, पण न अडखळता फिरला. मी त्याला सांगितलं की हे ठीक आहे, पण यात माझी ओवाळणी सुटत नाही. ऑकलंडला पोचल्यावर पैठणी वसूल केली आहे, नोंद असावी.

ओवी उचलली गेली, चालत चालत खड्ड्यावर आली, खाली उतरली आणि टायरांवर टेकली. चारी बाजूंनी पट्टे जमिनीतल्या कड्यांना आवळले. दोर दुप्पट, सौर पॅनेल काढलेलं, सगळ्या झडपा बंद. बोटीत रात्री कुणी राहायचं नाही असं यार्डाने सांगितलं होतं. आम्ही हॉटेल शोधत होतो तेवढ्यात लेथवाल्या भैयांचा फोन आला. त्यांना बुश बसलं की नाही ते हवं होतं. बसलं म्हटल्यावर म्हणाले, मग आता आमच्याकडे या, पक्कं घर आहे.

रात्र त्यांच्या घरी काढली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. वीज गेली, पाऊस आडवा लागत होता आणि कुठेतरी एक पत्रा तासन्‌तास आपटत होता. वहिनींनी स्टोव्हवर डाळ-भात केला. त्यांच्या सासूबाई झोपल्याच नाहीत, दर झोताला "ई छोटा है, छोटा है" म्हणत राहिल्या. वादळ पश्चिमेच्या समुद्रातून खाली सरकून गेलं, आमच्या वाट्याला त्याची कडाच आली. तेवढी पुरे होती.

भाऊबीज, १५ नोव्हेंबर

सकाळी वारा उतरला. अंगणात केळी आडव्या, रस्त्यावर आंब्याच्या फांद्या. पाडाला आलेले आंबे गोळा करायला गल्लीतली सगळी पोरं बाहेर.

मी वहिनींकडे ताट मागितलं. भैयांना भाऊबीजेचं सांगितल्यावर ते चटकन आत जाऊन शर्ट बदलून आले. ओवाळताना वहिनींच्या सासूबाईंनी, म्हणजे भैयांच्या आईंनी, एक गाणं म्हटलं. त्यातलं मला अर्धंच कळलं. भैयांनी ताटात वीस डॉलरची नोट घातली. शनिवारी ज्यांना मजुरी दिली त्यांच्याकडूनच ओवाळणी घ्यायला मला अवघड वाटत होतं, पण नवऱ्याने डोळ्यांनी दटावलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुपारी वुंदाला गेलो. झावळ्यांचा खच. ओवी होती तशी बसलेली. केबिनमध्ये एका खिडकीतून वाटीभर पाणी आलेलं, बाकी कोरडं. शिडांच्या ढिगाखालचा चिवडासुद्धा कुरकुरीत.

परत ऑकलंड

*जाणाऱ्यांसाठी:* बोटीने न्यूझीलंडला येणार असाल तर तळ स्वच्छ हवा. येण्यापूर्वीच्या तीस दिवसांत साफ केल्याचा किंवा शेवाळरोधक रंग देऊन तळ नियमित राखल्याचा पुरावा, फोटो आणि पावत्यांसकट, जवळ ठेवा. विमानाने येणार असाल तर खायचं सगळं फॉर्मवर लिहा. न लिहिल्यास जागेवर चारशे डॉलर दंड होतो.

आम्ही सगळं लिहिलं होतं. विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी चकल्यांचा डबा उघडला, वास घेतला, काय आहे विचारलं आणि झाकण लावून परत दिला. लाकडी मिठाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग नवऱ्याच्या बॅगेतून जुन्या बेअरिंगचे कापलेले दोन तुकडे निघाले. ते त्याने आठवण म्हणून आणले होते. बाईंनी हातमोजे घातले, तुकडे दिव्याखाली धरले आणि रबराच्या खाचेत अडकलेलं शंखासारखं पांढरं काहीतरी नखाने टोकरून पाहिलं.

"हे फॉर्मवर कुठे लिहिलंय?"

"वापरलेलं सामान, तिसरी ओळ," नवरा म्हणाला.

त्या तुकडे घेऊन आत गेल्या. आम्ही बाकावर बसून चकल्या खाल्ल्या. वीसेक मिनिटांनी ब्लीचचा वास मारणारी प्लास्टिकची पिशवी आमच्या हातात आली आणि पुढच्या वेळी ब्रशने घासून आणा, अशी सूचना मिळाली.